स्पेन देशांतील चौदा दिवसांचा मोटारप्रवास

सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेच्या वेळीं कित्येक सभासद बंधूंनीं, "तुम्ही उभयतां स्पेन देश हिंडून आलां, तेथील शेतीची हकीकत मासिकांत द्या," असा आग्रह केला. आम्ही कांहीं शेतकीचे पदवीधर नव्हे. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें आणि उभी हयात महसूल खात्यांत फेरफार व सात-बाराचे उतारे लिहिण्यांत गेली. तेव्हां शास्त्रीय विवेचनाची अपेक्षा वाचकांनीं करूं नये. सावकाश मोटारींतून जात असतां जें डोळ्यांनीं पाहिलें, जें खाल्लें आणि जें विचारून समजलें तेवढेंच येथें लिहितों.

प्रथम एक घरगुती गोष्ट सांगणें प्राप्त आहे, कारण तिच्यावांचून पुढील हकीकतीच्या शेवटल्या भागाचें मर्म कळणार नाहीं. आमच्या वडिलार्जित जमिनींत एक सामाईक विहीर आहे. हिस्सेदार चार, आणि वडिलांच्या वेळेपासून पाण्याची पाळी तीन तीन दिवसांची. २०१२ सालच्या अवर्षणांत आमच्या थोरल्या चुलतबंधूंनीं आपली पाळी एक दिवस लांबविली असें आमचें म्हणणें. तो दिवस आधीं आम्हींच चोरला असें त्यांचें. दावा लागला. आम्ही कागदाचे किडे, त्यामुळें आमचें गाठोडें त्यांच्या गाठोड्याहून मोठें झालें, एवढाच काय तो ११ वर्षांचा निकाल! दोन्हीं घरांचें जाणें-येणें बंद पडलें. हें ओझें मनावर घेऊनच आम्ही स्पेनला गेलों होतों.

आमची कन्या व जांवई नोकरीनिमित्त माद्रिद शहरीं राहतात. दिवाळीस परत येऊं असें त्यांस सांगून २०२३ सालच्या ऑक्टोबरच्या २७ तारखेस आम्ही भाड्याची लहान मोटार घेऊन निघालों. तेथें वाहनें रस्त्याच्या उजव्या अंगानें चालतात आणि चालकाची जागा डावीकडे असते. पहिले दोन दिवस सौभाग्यवतींनीं "अहो, उजवीकडे, उजवीकडे!" असा जप चालविला होता म्हणूनच ही हकीकत लिहावयास आम्ही शिल्लक आहों.

माद्रिदच्या दक्षिणेस ला मांचा नांवाचें विस्तीर्ण पठार लागतें. आमच्या देशावरील माणसास तें मुळींच परकें वाटत नाहीं. पाऊस बेताचा, झाडी विरळ, वारा फार. द्राक्षाच्या लागवडी मैलोगणती आहेत, परंतु जुन्या बागांत मांडव नाहीं कीं तार नाहीं. वेल गुडघ्याएवढा ठेंगणा ठेवून जमिनीसरशीं झुडुपासारखा वाढवितात. माद्रिदपासून सुमारें १३० किलोमीटरवर कोन्सुएग्रा गांव आहे. त्याच्या टेकडीवर पांढऱ्या बारा पवनचक्क्या ओळीनें उभ्या आहेत. पूर्वीं त्यांवर धान्य दळीत असत.

त्या गांवीं ऑक्टोबरच्या अखेरीस केशराचा उत्सव भरतो. फूल पहाटे खुडावयाचें, त्याच दिवशीं त्यांतील तांबडे तंतू हातानें वेगळे करावयाचे, आणि चाळणींत घालून मंद आंचेवर सुकवावयाचे, अशी तेथील रीत. सुकल्यावर पांचांचा एक भाग उरतो. एक ग्रॅम केशरास दीडशेंच्या आसपास फुलें लागतात. उत्सवांत फुलें निवडण्याची शर्यत लागते. सौभाग्यवती एका वृद्ध बाईशेजारीं बसल्या. एकीस दुसरीची भाषा येत नव्हती, तरी घटकाभरांत दोघींचे हात सारखे चालूं लागले. "मेथी निवडणाऱ्या बाईस यांत शिकण्यासारखें काय आहे?" असें त्यांनीं आम्हांस मागाहून ऐकविलें.

रात्रीं खाणावळींत आम्हांपुढें 'गाचास' नांवाचा पदार्थ आला. सौभाग्यवती शाकाहारी असल्यामुळें त्यांत डुकराचें मांस घालूं नये असें आधींच बजाविलें होतें. लोखंडी कढईंत जैतुनाचें तेल, लसूण व तांबडी मिरपूड परतून त्यांत पीठ आणि पाणी घालून शिजविलेला तो रटरटणारा पदार्थ पाहून त्या म्हणाल्या, "अहो, हें तर आपलें पिठलेंच कीं!" पीठ कशाचें म्हणून विचारतां कळलें कीं तें लाखेच्या डाळीचें, आपल्या विदर्भांत जिला लाखोळी म्हणतात तीच. दुष्काळांत दुसरें कांहींच न मिळाल्यानें महिनेच्या महिने ही एकच डाळ खाल्ली तर पाय लुळे पडतात. स्पेनमध्यें १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धानंतरच्या उपासमारींत हा रोग पुष्कळांस झाला. गोया या प्रसिद्ध चित्रकारानें त्याहि आधींच्या, १८११-१२ च्या दुष्काळांत हें पीठ वांटलें जात असतांचें चित्र कोरून ठेविलें आहे. आम्हीं मात्र एकच वाटी खाल्ली, आणि भाकरीची आठवण काढली.

कोन्सुएग्राच्या दक्षिणेस दायमिएलचें पाणथळ राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें पक्षी पाहावयास म्हणून गेलों, आणि पाहिलें तें निराळेंच. लांकडी पूल पुष्कळ दूरवर बांधिले आहेत, परंतु बहुतेक पुलांखालीं सुकलेलें गवत आणि भेगाळलेली माती. येथें ग्वादियाना नदी भूगर्भांतून झऱ्यांच्या रूपानें वर येत असे. त्या झऱ्यांस लोक 'नदीचे डोळे' म्हणत. १९७० नंतर पठारावर विहिरी आणि पंप एवढे वाढले कीं १९८० च्या दशकांत ते डोळे मिटले. २००९ सालीं तर तळांतील शेंकडों वर्षांचा वनस्पतींचा कुजका थर सुकून जमिनीखालीं आंतल्या आंत जळूं लागला. वर पाणथळ जागेचा फलक, आणि खालून धूर! सौभाग्यवतींनीं विचारिलें, "एवढ्या विहिरींची नोंद कोणींच ठेविली नाहीं काय?" नोंद होती, पण नोंदीबाहेरच्या विहिरीहि फार होत्या. हा प्रश्न आम्हांस आमच्याच खात्यांत कोणीं विचारिला असता तर आम्हीं खालीं मान घातली असती.

डोंगर उतरून हाएन प्रांतांत शिरलें म्हणजे दोन तास जैतुनाखेरीज दुसरें झाड दृष्टीस पडत नाहीं. त्या एका प्रांतांत जैतुनाचीं सहा कोटींहून अधिक झाडें आहेत. जुन्या पद्धतींत दहा-बारा मीटर अंतरावर एकेक आळें, आणि त्यांत दोन किंवा तीन खोडें एकत्र. टेकडीवरून पाहतां तांबड्या घोंगडीवर कशिदा काढिल्यासारखें दिसतें. बहुतेक गांवीं शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा घाणा आहे. फळ आणून वजन करावयाचें, त्यांतून तेल किती निघेल हें तपासावयाचें, आणि वजनाबरोबर त्या उताऱ्यावर पैसे द्यावयाचे. आमच्या ऊस पिकविणाऱ्या सभासदांस हें अधिक समजावून सांगावयास नको.

पण आम्ही गेलों तें वर्ष वाईट होतें. २०२१-२२ च्या हंगामांत सबंध स्पेनांत सुमारें १४.९ लक्ष टन तेल झालें होतें. पाऊस न झाल्यानें पुढच्या हंगामांत तें ६.६ लक्ष टनांच्या आसपास आलें. दोन वर्षांत तेलाचा दर दुपटीच्या वर गेला, आणि दुकानांतून तेलाच्या बाटलीस चोरीच्या भयानें चाप लावण्याची पाळी आली. दर चढला म्हणजे शेतकरी सुखी झाला असें शहरांतील लोकांस वाटतें. एका घाण्यावरील शेतकऱ्यानें मोबाइलमधील भाषांतराच्या सोयीनें आम्हांस जें सांगितलें त्याचा अर्थ असा कीं, दर उत्तम आहे, परंतु विकावयास तेल नाहीं. आमच्याकडे कांद्याचे भाव चढतात त्या वर्षीं कांदा कोणाच्या चाळींत असतो, याची आठवण झाली. न्याहारीस त्यानेंच भाजलेल्या पावावर टोमॅटोचा लगदा, मीठ आणि नव्या हिरव्या तेलाची धार घालून दिली. त्या तेलास एक तिखट ठसका असतो. प्रवासांत पुष्कळ खाल्लें, पण त्या न्याहारीची सर दुसऱ्या कशासहि आली नाहीं.

ग्रानाडा या शब्दाचा स्पॅनिश भाषेंत अर्थ डाळिंब. शहराचें चिन्हहि डाळिंबच. अल्हांब्रा राजवाड्याचें वर्णन शेंकडों प्रवाशांनीं केलें आहे, तें आम्ही पुन्हां करीत नाहीं. त्यांतील कारंजांचें पाणी दार्रो नदींतून सुमारें सहा किलोमीटर लांबीच्या पाटानें आणिलेलें आहे, व तो पाट तेराव्या शतकांतील आहे, एवढें मात्र शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावें. राजवाडा बांधण्यापूर्वीं पाण्याची व्यवस्था!

तेथून सिएरा नेवाडा पर्वताच्या दक्षिण उतारावरील आल्पुहार्रा भागांत आम्ही तीन रात्रीं राहिलों. प्रवासांतील निवांत दिवस तेच. पांढऱ्या भिंतींचीं, सपाट माळवदांचीं लहान गांवें दरीच्या कडेस चिकटून बसलीं आहेत. चेस्टनटच्या झाडांखालीं कांटेरी बोंडें फुटून पडलेलीं होतीं; तीं वेंचून भाजून खाल्लीं. रव्याचा लसूण घातलेला सांजा, आणि त्यासोबत द्राक्षें व डाळिंबाचे दाणे, असें जेवण मिळालें. शिखरें साडेतीन हजार मीटरच्या जवळपास उंच आहेत. वसंतांत बर्फ वितळलें म्हणजे तें पाणी उंचावरच मातीच्या पाटांत धरतात, आणि पिकास न देतां मुद्दाम डोंगराच्या सच्छिद्र भागांत सोडून जिरवितात. तें पाणी जमिनींतून हळूहळू खालीं सरकतें आणि ऐन उन्हाळ्यांत खालच्या गांवांच्या झऱ्यांतून बाहेर पडतें. मुसलमानी अमलांतील ही युक्ति आहे. आमच्याकडे 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हें वाक्य भिंतींवर पुष्कळ लिहिलेलें आम्हीं पाहिलें. तें कित्येक शतकें चालू असलेलें येथें पाहिलें. मध्यंतरीं माणसें शहरांकडे गेलीं आणि पुष्कळ पाट बुजले. २०१४ पासून ग्रानाडा विद्यापीठाची मंडळी गांवकऱ्यांबरोबर कुदळ-फावडें घेऊन ते पुन्हां उकरीत आहे. पाटावर देखरेख करणारा जो गडी असतो त्याला तेथें 'असेकिएरो' म्हणतात. धुळें-नाशिककडील पांझरा, मोसम या नद्यांवर जुन्या फड पद्धतींत जो पाटकरी असे, त्याचाच हा भाऊबंद.

समुद्रकिनाऱ्याची हकीकत थोडक्यांत आटोपतों. मोत्रिलच्या आसपास आंबे, ॲव्होकाडो आणि 'चिरिमोया' नांवाचें फळ होतें. हें आपल्या सीताफळाचें सख्खें भावंड. साल नितळ, गर दाट, गोडी तीच. याच किनाऱ्यावर शेंकडों वर्षें ऊस होता. शेवटचा कारखाना २००६ सालीं बंद पडला, आणि आज तेथें उसाचें टिपरूं शोधावें लागतें. पुढें आल्मेरिआजवळ डोंगर आणि समुद्र यांच्यामधील सारी जमीन प्लास्टिकच्या हरितगृहांनीं झांकलेली आहे. तीस हजार हेक्टरांहून अधिक असें तें पांढरें आच्छादन. आंत टोमॅटो व ढोबळी मिरची. उत्पन्न अफाट आहे हें मान्य. परंतु उपशामुळें भूगर्भांतील पाण्यांत समुद्राचें खारें पाणी शिरलें आहे, आणि आफ्रिकेंतून आलेले मजूर प्लास्टिकच्या झोंपड्यांत राहतात. आम्हांस तेथें मुक्काम करावासा वाटला नाहीं.

एल्चे शहरांत अरबांनीं आंखून दिलेली खजुरीची बाग आहे. झाडें दोन लक्षांच्या वर. तेथील डाळिंबाचे दाणे मऊ असून बी दांतांखालीं जाणवत नाहीं. सोलापूरकडील आमच्या एका स्नेह्यांकरितां त्याचा फोटो काढून घेतला.

आतां व्हालेन्सिया. या शहराभोंवतीं तुरिया नदीच्या पाटांवर भिजणारी बागाइती आहे. तिला 'ओर्ता' म्हणतात. पाट आठ. पाणी जमिनीस बांधलेलें. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जातें, वेगळें विकतां येत नाहीं. पाणी मुबलक असतां प्रत्येक पाटास नदीच्या प्रवाहाचा ठराविक हिस्सा, आणि तूट आली कीं पाटाचा पंच पाळी ठरवितो. हा पंच बागाइतदारांनीं आपल्यांतून निवडलेला असावा लागतो, आणि तो स्वतः जमीन कसणारा असावा लागतो. पाळीबाहेर पाणी घेणें, पाट साफ न करणें, बांध फोडणें, शेजाऱ्याच्या शेतांत पाणी सोडून पीक बुडविणें, असल्या तंट्यांचा निकाल हे पंच दर गुरुवारीं दुपारीं बारा वाजतां मोठ्या देवळाच्या दाराशीं बसून देतात. परंपरेप्रमाणें ही चाल इसवी सन ९६० पासूनची सांगतात. १२३९ सालीं जाउमे राजानें तुरियाचें पाणी व जुनी वहिवाट बागाइतदारांस कायम करून दिली, आणि स्पेनच्या आजच्या कायद्यानेंहि हें न्यायपीठ मान्य केलेलें आहे. २००९ सालीं युनेस्कोनें त्याची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशांत नोंद केली.

गुरुवार, ता. ९ नोव्हेंबर रोजीं अकरा वाजल्यापासून आम्ही त्या दाराशीं उभे होतों. गर्दी प्रवाशांची. लोखंडी कठड्याच्या आंत खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. बाराचे टोले पडले, आणि काळे ढगळ अंगरखे घातलेले शेतकरी येऊन बसले. हात राकट, चेहरे उन्हानें रापलेले. शिपायानें एकेका पाटाचें नांव घेऊन त्या पाटावरील कोणाविरुद्ध फिर्याद आहे काय, अशी मोठ्यानें हांक दिली. पहिला पाट, कोणी नाहीं. दुसरा, कोणी नाहीं. आठहि पाटांचीं नांवें झालीं, कोणीहि पुढें आलें नाहीं. पंच उठले. सारें मिळून पांच मिनिटें!

आमची निराशा झाली हें कबूल करतों. खटला चालतो कसा, हें पाहावयास आम्ही मुद्दाम गुरुवार साधून आलों होतों. शेजारीं एक वृद्ध बागाइतदार उभा होता. त्यानें मोबाइलवर समजावून दिलें तें असें. येथें वकील नाहीं, लेखी जबाब नाहीं. दोन्हीं पक्ष उभ्यानें तोंडीं सांगतात. अध्यक्ष ज्याच्याकडे पाय करील त्यानें बोलावें. ज्या पाटाचा तंटा, त्या पाटाच्या पंचानें निकालांत भाग घ्यावयाचा नाहीं. निकाल तेथल्या तेथें, आणि त्यावर अपील नाहीं. वहींत लिहावयाचा तो फक्त निकाल. "मग आज कोणीच कसें नाहीं?" असें विचारतां तो हंसला. बहुतेक तंटे पाटावरच मिटतात. चार शेजाऱ्यांसमोर येथें उभें राहण्याची लाज प्रत्येकास असते, असें त्याचें उत्तर.

तीस वर्षें आम्हीं कागद लिहिले. ज्याच्यापाशीं कागद त्याचें खरें, ही आमची श्रद्धा. त्या दाराशीं आमच्या मनांत आमच्या गाठोड्याचें वजन आलें. सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, "अकरा वर्षांत दादाभाऊजींना आपण एकदां तरी तोंडीं विचारलें का?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

दुपारीं शहराबाहेर आल्बोरायाकडे जाऊन 'ओर्चाता' नांवाचें थंड पेय घेतलें. दुधासारखें पांढरें आणि गोड. तें कशाचें करितात हें ऐकून आमचे सभासद कपाळास हात लावतील. तें एका लव्हाळ्याच्या गांठींचें! आपल्याकडे ज्या लव्हाळ्यानें खुरपणाऱ्या बायकांचा जीव नकोसा केला, त्याच्याच कुळांतील दुसरी जात ते लोक वाफे करून लावतात, पाणी देतात, हिवाळ्यांत गांठी काढून वाळवितात, आणि वाटून गाळून पितात. त्यानंतर जेवणांत शेंगांच्या भाज्या व केशर घातलेला 'पाएल्या' भात आला. हा पसरट लोखंडी तव्यांत, झांकण न ठेवतां, न ढवळतां शिजवितात. तळाशीं लागलेली खरवड तेथें मानाची समजतात. आमच्या घरीं ती ज्याच्या वांट्यास येईल तो भांडतो.

एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आम्ही परतल्यावर एक वर्ष न होतां, २०२४ सालच्या ऑक्टोबरच्या २९ तारखेस व्हालेन्सियाच्या दक्षिणेकडील भागांत अतिवृष्टीनें भयंकर पूर आला. त्या आपत्तींत २२० हून अधिक माणसें गेलीं. शेतांतून चिखल, मोटारी, भिंतींचे तुकडे. आम्ही ज्या रस्त्यानें शहरांत शिरलों होतों तो चित्रांत ओळखूं येईना. दुष्काळाच्या वर्षीं पाहिलेल्या त्या पाटांवर एका दिवसांत हें पाणी आलें. तो वृद्ध बागाइतदार कोणत्या गांवचा, हें आम्हीं विचारून घेतलें नव्हतें, याची चुटपुट अजून लागून आहे.

माद्रिदला दिवाळी करून डिसेंबरांत आम्ही गांवीं आलों. दुसऱ्या दिवशीं केशराची पुडी घेऊन आम्ही उभयतां चुलतबंधूंच्या ओट्यावर गेलों. दादांनीं बराच वेळ पुडीकडे पाहिलें, आणि म्हणाले, "वहिनी, चहा घ्या." नंतर आमच्याकडे वळून म्हणाले, "तूं तुझें गाठोडें घरींच ठेवून ये. मग बोलूं." गुरुवारीं विठोबाच्या देवळाच्या पारावर बसावें असें आम्हीं सुचविलें. पहिल्या गुरुवारीं ते आले नाहींत. दुसऱ्या गुरुवारीं आले, पण बोलले नाहींत. तिसऱ्या गुरुवारीं गव्हाच्या पाण्याची गोष्ट निघाली, आणि शब्दानें शब्द वाढून दोघेहि उठून गेलों. चौथ्या गुरुवारीं इतर दोन हिस्सेदार आपण होऊन आले.

दावा अद्याप निकालांत निघालेला नाहीं. तो काढून घेण्याचा अर्ज दोन्हीं बाजूंनीं तयार आहे, सह्या व्हावयाच्या आहेत. पाळी पूर्ववत् तीन दिवसांची चालू आहे. पंप बंद करण्यापूर्वीं पुढच्या हिस्सेदारास हांक मारून सांगावें, एवढा एकच नवा नियम झाला. गेल्या उन्हाळ्यांत विहिरींतील गाळ चौघांनीं मिळून काढला, आणि खर्चाची वही, सर्वांच्या मतें, आमच्याकडे ठेविली आहे.